गोधडी संपू नये म्हणून

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं ठरावीक क्रमानं वागतात. आधी सगळी बटणं एकेक करून दाबतात, मग सगळी एकदम दाबतात, मग दार बडवतात, मग देवाला हाक मारतात, आणि तिकडूनही काही हालचाल दिसली नाही की लाल बटण दाबतात. लाल बटणातून तिचा आवाज येतो.

ती लिफ्ट कंपनीच्या मदत-कक्षात होती. दुरुस्तीवाला पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं. पण पाळीभर लोकांची भीती कानात ओतून घेतली की नंतर ती कुठे सांडायची, हे कंपनीनं कुणाला शिकवलं नव्हतं. इतक्या परक्या माणसांना तिनं 'मी आहे ना' म्हणून सांगितलं होतं की घरी आल्यावर आपण नक्की आहोत का, याचीच तिला शंका यायची.

त्या सकाळी तिची रात्रपाळी संपत आली होती. डोळ्यांत वाळू, चहा गार, आणि लाल दिवा पेटला. तिनं ठरलेलं वाक्य ठरलेल्या सुरात म्हटलं, की मी मदत-कक्षातून बोलतेय, घाबरू नका, माणूस निघालाय.

"घाबरलो नाही," पलीकडून एक जड, संथ आवाज आला. "त्याला घाई करायला सांगू नका. नाश्ता झाला नसेल तर करून येऊ दे."

"आत तुम्ही एकटेच आहात का?"

"एकटाच आहे. फार बरं वाटतंय."

असा ग्राहक तिला पहिल्यांदाच भेटत होता. तरी नियम तो नियम. बोलतं ठेवायचं म्हणून तिनं विचारलं, आपण सध्या काय करताय.

"टाचतोय."

"काय टाचताय?"

"गोधडी," तो म्हणाला. इतक्या सहजपणे, की जणू लिफ्टमध्ये माणसं दुसरं काय करतात.

ती खुर्चीत सरळ बसली. गेल्या कित्येक महिन्यांत कुणासाठी ती सरळ बसली नव्हती. कारण घरी, उशाशी, जुन्या कपड्यांचे चौकोन कापून जोडत बसणं हा तिचा एकमेव छंद होता. कापड बोलत नाही, रडत नाही, 'अजून किती वेळ' असं विचारत नाही, म्हणून. तिनं विचारलं, कुठून सुरुवात केलीत? तो म्हणाला, कडेनं. मग ती मदत-कक्ष विसरली.

"कडेनं टाचाल तर मधे फुगा येईल. वरचं कापड, कापूस आणि अस्तर, तिन्ही थर सरकतात. मधून सुरू करा आणि बाहेर जात राहा."

पलीकडे कापडाची सळसळ थांबली.

"तुम्ही... लिफ्ट कंपनीच्याच ना?"

मग त्यानं घातलेले टाके काढले आणि मधून सुरुवात केली. ती सांगत गेली, तो 'हं' म्हणत गेला. 'हं' हळूहळू लांबत गेले, आणि शेवटच्या 'हं'चं रूपांतर स्वच्छ घोरण्यात झालं. झोपलेल्या माणसाचं काय करायचं याबद्दल नियमपुस्तिकेत अक्षर नव्हतं. तेव्हा ती बोलत राहिली. आमच्या घरात गोधडी पसरायला जमीनच नाही, हे तिनं त्याला सांगितलं. म्हणजे जमीन आहे, पण तिच्यावर कायम कुणीतरी असतं: आई पालेभाजी निवडत असते, दादा हिशेब पसरतो, वहिनी कपड्यांच्या घड्या घालते, भाचे एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. त्यामुळे माझी एकही गोधडी चौकोनांच्या पुढे गेलेली नाही. एवढं तिनं जागं असलेल्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं दार उघडलं तेव्हा एक गृहस्थ अर्धवट गोधडी पांघरून कोपऱ्यात गाढ झोपले होते, आणि भिंतीतून एक बाई त्यांना शिवण उलगडून इस्त्री कशी करायची ते समजावून सांगत होती. दुरुस्तीवाल्यानं ही हकिकत ऑफिसात इतक्यांदा सांगितली की पुढे पुढे त्यात त्यानं स्वतःलाही थोडं झोपवलं.

कंपनीचा आणखी एक नियम होता. कुणी फारच वेळ अडकलं तर त्याच्या घरी जाऊन, फुलांचा गुच्छ देऊन, दिलगिरी व्यक्त करायची. हे काम दुरुस्तीवाल्याचं, पण त्यानं अंग काढून घेतलं. मागच्या वेळी लोकांनी त्याला त्याच गुच्छानं मारलं होतं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तुमची ओळख आहेच.

म्हणून रविवारी दुपारी, एकुलत्या सुट्टीच्या दिवशी, ती हातात गुच्छ घेऊन एका दारासमोर उभी होती. दार एका ठेंगण्या, लोकरी मोजे घातलेल्या म्हाताऱ्या बाईनं उघडलं. बाहेर उकाडा होता. तिनं दिलगिरीचं वाक्य निम्मं म्हटलं असेल, तोच त्या बाईनं आत तोंड करून हाक दिली, "बाळ, आवाज आलाय बघ."

त्या मावशी होत्या. ज्याला बाळ म्हटलं तो अकाली पिकलेल्या केसांचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला, बेचाळिशीला टेकलेला गृहस्थ होता आणि तो दाराशी येऊ शकत नव्हता. मधून सुरुवात करा म्हटल्यावर तो गोधडीच्या मधोमध बसला होता, आणि स्वतःभोवती गोल गोल टाचत, टाचण्या लावत, आता चहूकडून वेढला गेला होता. पाय टाकावा तर कापूस दबणार, सरकावं तर सुरकुत्या पडणार.

"बाहेर जात राहा असं सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

"टाके गेले बाहेर. मी राहिलो."

तिनं चपला काढल्या, गुच्छ मावशींच्या हातात दिला, आणि कडेला उभी राहून हात पुढे केला. त्यानं तो धरला, लांब पाऊल टाकलं, आणि एका उडीत तो इतका जवळ येऊन उभा राहिला की दोघांनाही क्षणभर कुठे बघावं ते कळेना. त्याच्या हाताला साबणाचा वास होता, दवाखान्यातल्या त्या कडक साबणाचा. तो हात सोडायला विसरला, की तिनं काढून घ्यायला वेळ लावला, यावर पुढे बराच काळ दोघांचं एकमत झालं नाही.

तो भूल देणारा डॉक्टर होता. लोकांना झोपवणं हा त्याचा व्यवसाय आणि स्वतःची झोप म्हणजे दोन शस्त्रक्रियांच्या मधे मिळेल ती. गोधडीच का, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की ऑपरेशनच्या खोलीत सगळे काही ना काही कापतात, शिवतात. मी एकटा माणसाच्या उशाशी बसून आकडे बघत असतो. हात शिवशिवतात. म्हणून घरी येऊन शिवतो, कामावर जातानाही पिशवीत घेऊन जातो. गोधडीसाठी त्यानं ऑपरेशनच्या वेळचे विटलेले हिरवे डगले आणि घरातले जुने फुलाफुलांचे पडदे वापरले होते. गोधडी मावशींसाठी होती. मावशींचे पाय बारमाही गार असत. त्या म्हणत, या हिरव्या रंगाखाली झोपले तर कुणीतरी येऊन मला कापेल. पण शिव बाबा, लवकर शिव.

लवकर. हा शब्द मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.

ठरलं ते असं. त्याच्याकडे जमीन होती, तिच्याकडे अक्कल. तिनं दर रविवारी यावं, दोघांनी समोरासमोर बसून धावदोरा घालत यावं, आणि कडेचं काम मांडीवर घेऊन करण्यासारखं असल्यानं गोधडी एक आठवडा तिच्याकडे राहावी, एक आठवडा त्याच्याकडे. काडीमोड झालेल्या जोडप्याचं मूल असतं तसं. जोडपं अजून व्हायचं होतं, एवढाच फरक.

रविवारची दुपार. खिडकीतून उन्हाचा एक तुकडा गोधडीवर येऊन पडे आणि हळूहळू हिरव्यावरून फुलांवर सरके. दोघं माना खाली घालून शिवत. बोलणं थोडंच. दोघंही आठवडाभर बोलून आणि ऐकून इतके शिणलेले असत की शब्द म्हणजे त्यांना पायऱ्या वाटत. पण दोऱ्याची लांबी संपे, सुई ओवायची वेळ येई, तेव्हा तो सुई उजेडासमोर धरून एक डोळा मिटी. तेवढ्या वेळात ती त्याच्याकडे पाहून घेई. पुढे तिच्या लक्षात आलं की तो दोरा फारच आखूड कापतो.

"तुमचा टाका तिरका पडतो," एकदा तो म्हणाला.

"तुमचा छापल्यासारखा पडतो. माणसानं घातलाय असं वाटत नाही."

"तिरका चांगला असतो," तो सुईकडे बघत म्हणाला. "ओळखू येतो... गर्दीतसुद्धा."

तिच्या बोटात सुई शिरली. बोटाला अंगुस्ताना, म्हणजे ती धातूची टोपी, घातलेली होती, तरी शिरली. सुईला रस्ता सापडायचा तर सापडतोच.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटणारं नव्हतं. गोधडी शिवायला जाताना कानात डूल कशाला लागतात, एवढंच तिनं विचारलं. हिनं सांगितलं, उजेड परावर्तित होतो, सुई ओवायला बरं पडतं. वहिनी म्हणाली, मग दोन्ही कानांत कशाला, एकात पुरे.

आता, गोधडी ही वस्तू शिवली की संपते. हा तिच्यातला एक मोठा दोष आहे. उन्हाळा सरत आला तशी गोधडी मधल्या भागातून कडेकडे पोचली, आणि एका आठवड्यात, गोधडी तिच्याकडे असताना, तिनं उरलेली कड वितीनं मोजली. आणखी दोन-तीन रविवार, की झालं. मग काय म्हणून जायचं त्या घरी? मावशींचे पाय गरम आहेत का ते बघायला?

त्या संध्याकाळी, भाचे शेजारी लोळत असताना, तिनं स्वतःच्या टाक्यांची एक ओळ उसवली. फक्त स्वतःच्या. त्याच्या टाक्याला तिनं हात लावला नाही. बेइमानीतही काही इमान पाळावं लागतं. वहिनीनं विचारलं, शिवतेस की उसवतेस? ती म्हणाली, दोन्ही.

रविवारी तिनं सांगितलं, दोरा कच्चा निघाला. त्यानं लगेच मान्य केलं. इतक्या लगेच, की तिला जरा वाईट वाटलं. पुढच्या खेपेला गोधडी त्याच्याकडून आली, तर त्याचीही एक ओळ गायब. दोराच तसला, तो म्हणाला. तिनंही मान डोलावली. दोघांनी मिळून दुकान बदललं, मग दोऱ्याचा रंग बदलला, मग सुई बदलली. बिचारा दोरा. त्याच्यासारखा निरपराध गुन्हेगार झाला नसेल.

तिला वाटे, हा माणूस टाका मनासारखा पडला नाही की उसवून पुन्हा घालतो. केवढी ही शिस्त. अशा माणसाला आपला तिरका टाका आज ना उद्या खुपणारच. तो काय विचार करत असेल हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायला लागणारं त्राण तिच्यात उरलेलं नव्हतं. थकव्याचं हे असं असतं. भांडायचं त्राण राहत नाही ते बरंच, पण विचारायचंही राहत नाही.

मावशी मात्र रविवारी दाराच्या चौकटीत मोजे घालून उभ्या राहत आणि बघत. एकदा म्हणाल्या, मी पुष्कळ गोधड्या पाहिल्या. लहान होत जाणारी ही पहिलीच.

पावसाळा असाच गेला. हवेत गारवा आला. आणि एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की मदत-कक्ष दूरच्या शहरात हलतोय. तुम्ही आलात तर तिथल्या प्रमुख. नाही आलात तर इथेच, मागच्या खोलीत, तपासणीचे कागद लावायचं काम आहे. महिन्याअखेर सांगा.

प्रमुख म्हणजे जास्त लोकांची भीती, तीही कायमच्या रात्रपाळीला. तिला त्याची हौस नव्हती. कागद बोलत नाहीत, मागची खोलीही तिला चालली असती. पण दादा म्हणाला, संधी आहे. आई म्हणाली, तुझं तू ठरव, आणि डोळे पुसले. जाऊ नकोस असं कुणीच म्हणालं नाही. सगळ्यांना वाटलं तिला जायचं असेल. तिलाही वाटू लागलं, की ज्या माणसाला कुणी अडवत नाही, त्यानं जायलाच हवं. फक्त एका ठिकाणी सांगून बघायचं राहिलं होतं.

रविवारी तिनं ते सांगितलं. सुई ओवता ओवता, जसं काही हवामान सांगतेय. त्याचा हात थांबला. बराच वेळ थांबला. उन्हाचा तुकडा एका फुलावरून दुसऱ्यावर गेला. ती वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे दिसू नये म्हणून दोऱ्याला गाठ मारत होती, एकावर एक.

"म्हणजे..." तो म्हणाला. "मग तोपर्यंत ही संपवायला हवी."

"हो ना," ती म्हणाली.

गोधडी त्या आठवड्यात तिच्याकडे यायची होती. तिनं घडी घातली, पिशवीत कोंबली, चहा न घेता निघाली. लिफ्ट असूनही ती जिन्यानं उतरली.

त्या आठवड्यात तिनं एकही टाका उसवला नाही. कामावरून यायचं, हातपाय धुवायचे आणि शिवायला बसायचं. तिनं आपली बाजू पुरी केली. मग त्याचीही बाजू पुरी केली, त्याच्यासारखेच छापील टाके घालत. कुणाचं अक्षर गिरवावं तसे ते टाके ती गिरवत गेली आणि तिच्या लक्षात आलं, की हा हात आपल्याला पाठ झालाय. मग ती अधिकच भरभर शिवू लागली. चारी कडांना पट्टीचा गोट लावला. वहिनीनं भाच्यांना उचलून दुसऱ्या खोलीत नेलं आणि हिच्यासाठी जमीन मोकळी करून दिली, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा कुठे हिला रडू आलं. पण रडूनही हात थांबला नाही. शनिवारी गोधडी झाली. तिच्या आयुष्यातली पहिली पुरी झालेली गोधडी. ती पसरून बघावी असंही तिला वाटलं नाही.

रविवारी तिनं ती त्याच्यापुढे ठेवली. "झाली," म्हणाली. "मावशींना द्या."

तो नुकताच रात्रभराच्या कामावरून आला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. त्यानं गोधडी उलगडली, जमिनीवर पसरली आणि चारी बाजूंनी फिरून पाहिली. आपल्या न घातलेल्या टाक्यांवरून त्यानं बोट फिरवलं. त्याचा चेहरा उतरत गेला. आता निरोपाचं काहीतरी नीटसं बोलावं म्हणून ती शब्द जुळवत होती, एवढ्यात तो गुडघ्यांवर बसला, खिशातून एक बारीक कात्री काढली, आणि अगदी शांतपणे एक टाका कापला.

"काय करताय?"

"इथे सुरकुती आहे."

तिनं वाकून पाहिलं. "इथे काही सुरकुती नाही."

"आहे," तो म्हणाला आणि दुसरा टाका कापला. मग तिसरा. मग सुईच्या टोकानं दोरा हलकेच वर उचलून, कापडाला इजा न करता, ओढून काढला. पुढचा. त्याच्या पुढचा. ती बघत राहिली. आणि तिला हळूहळू काहीतरी उमगत गेलं. शिकाऊ माणूस उसवताना अडखळतो, दोरा तोडतो, कापड खेचतो. हा हात सरावलेला होता. महिनोन्‌महिने रियाज केल्याशिवाय असा हात तयार होत नाही.

"दोरा कच्चा नव्हता ना?" तिनं विचारलं.

तो वर न बघता म्हणाला, "चांगला भक्कम होता. बुधवारी मला फार त्रास द्यायचा."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला टाका नीट पडला नाही म्हणून..."

"मला सगळे टाके आवडायचे. तुमचे तर जास्तच." त्यानं कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली. "ही संपली की तुम्ही येणार नाही. मला दुसरं काही सुचेना. मी लोकांना झोपवतो, त्यांच्याशी बोलायची वेळ आली की ते झोपलेले असतात. त्यामुळे बोलायची सवय... राहिलेली नाही. एकदा एका बाईंबरोबर जेवायला गेलो होतो. सूप येईपर्यंत मला झोप लागली. त्या उठून गेल्या. वेटरला सांगून गेल्या की यांना उठवू नका. चांगल्या होत्या."

तिला हसू आलं. ते दाबण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती. ती समोरच्या कोपऱ्याशी जाऊन बसली, पर्समधून स्वतःची कात्री काढली, आणि तिरक्या टाक्यांची एक ओळ धरून उसवायला सुरुवात केली. तीही अडखळली नाही.

तो बघतच राहिला. "म्हणजे तुम्हीसुद्धा..."

"फक्त माझे," ती म्हणाली. "तुमच्या टाक्यांना मी कधी हात लावला नाही."

"मीही नाही लावला. तुमच्या."

दोघं एकमेकांकडे बघत होते, मधे हिरवी-फुलांची गोधडी, आणि दोघांच्याही कात्र्या आपापलं काम करत होत्या. मावशी त्याच वेळी आत आल्या. गोधडी झाल्याचं त्यांनी आतून ऐकलं होतं आणि ती न्यायला म्हणून मोजे काढून, अनवाणी, मोठ्या आशेनं आल्या होत्या. त्यांनी एका कोपऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"एक उसवतो, एक उसवते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझा भाचाच तेवढा खुळा आहे."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"घरात राहते मी. बुधवारी दार लावून कुणी शिवतं का? म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. बोलेल कशाचा. माझे पाय गार पडले पण याचं तोंड उघडलं नाही." त्या खुर्चीवर बसल्या आणि पाय वर घेतले. "आता मी इथेच बसलेय. काय बोलायचं ते बोला आणि मग शिवा. आज गोधडी घेतल्याशिवाय मी उठायची नाही."

मावशींसमोर काय बोलणार. पण तो इतका दमलेला होता की लाजायलाही त्याच्याकडे ताकद शिल्लक नव्हती. कधी कधी थकवा असा उपयोगी पडतो. माणसाच्या अंगावरची सगळी जादा पांघरुणं आपोआप गळतात.

"जाऊ नका," तो म्हणाला.

ती थांबली. आणखी काही येतंय का, ते बघत.

"एवढंच?"

"एवढंच आहे. पण ते मनापासून आहे. रोज संध्याकाळी घरी आल्यावर मला कुणाशी तरी न बोलता बसायचं असतं... ते मला फक्त तुमच्याशी जमतं. आणि तुम्हाला जायचंच असेल तर मी येईन तिकडे. भूल द्यायला माणसं कुठेही मिळतात."

"मला विचारलंस का?" मावशी म्हणाल्या.

"मावशीही येईल."

"बघू," मावशी म्हणाल्या.

"कुणाला कुठे जायला नको," ती म्हणाली. तिचा आवाज, जो लोकांना धीर देण्याबद्दल पगार घेत होता, तो मधेच फाटला. "मला जायचं नव्हतंच. जाऊ नकोस असं कुणी म्हणेल का, तेवढंच बघत होते. उद्या साहेबांना सांगते, मागची खोली चालेल."

"मग सांग," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. मावशींना कळलं. त्यांनी कात्र्या मागितल्या. दोन्ही कात्र्या मुकाट्यानं त्यांच्या हवाली करण्यात आल्या, आणि त्यांनी त्या पदराखाली नव्हे, सरळ बुडाखाली ठेवल्या, खुर्चीच्या गादीखाली, जिथून कुणी काढू शकणार नाही.

मग दोघांनी उसवलेलं पुन्हा शिवलं. कुणी लांबड लावली की मावशी खाकरत. उजेड उतरायच्या आत सगळं झालं. त्या दिवशी कळलं की एवढा भाग हे मुळात एका दुपारचं काम होतं.

मावशींनी गोधडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी तपासली, एक टाका ओढून पाहिला. भक्कम होता. त्यांनी ती काखेत मारली, आणि आभाराचा एक शब्द न बोलता आपल्या खोलीत निघून गेल्या. थोड्या वेळानं आतून एक लांबलचक, समाधानाचा उसासा ऐकू आला. पाय पोचले असावेत.

खोलीत रिकामी जमीन उरली. दोघं भिंतीला टेकून बसले. इतके महिने या खोलीत दोघांच्या हातांत सुई होती, मधे गोधडी होती, बघायला टाके होते. आता हातांनी काय करावं हे त्यांना क्षणभर कळेना. मग कळलं. त्याचं बोट तिच्या बोटांवरच्या टोचल्याच्या खुणा चाचपत राहिलं, एकेक करून, सावकाश.

"कुठे जाऊया का?" त्यानं विचारलं. "फिरायला वगैरे. लोक जातात."

"आज नको," ती म्हणाली. "फार दमलेय मी."

"मीही," तो म्हणाला, अतिशय कृतज्ञपणे.

तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. शर्टाला त्या कडक साबणाचा वास होता. बाहेर गार वारा सुटला होता, खिडकीचं एक दार हळूच वाजत होतं, आणि ते लावायला उठावं असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही. त्याचा श्वास संथ झाला. तिचेही डोळे मिटत आले.

अर्धवट झोपेत तिला दिसलं, की मावशी पाणी प्यायला बाहेर आल्या आहेत, हिरवी-फुलांची गोधडी खांद्यांवरून घट्ट लपेटून, राणीसारख्या. त्या दोघांसमोर येऊन थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. वाऱ्यानं ती किंचित शहारली, ते त्यांनी पाहिलं. त्यांचा हात खांद्याकडे गेला, गोधडीचं टोक थोडं सैल झालं... आणि मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. बहुधा तो उन्हाळा, तो पावसाळा आणि ते सगळे बुधवार. त्यांनी ते टोक पुन्हा ओढून घेतलं, चांगलं गळ्यापर्यंत.

"दोघं आहात," त्या पुटपुटल्या. "तेवढी ऊब पुरेल तुम्हाला."

त्यांनी खिडकी तेवढी लावली आणि झोपायला गेल्या.